बीटी कापसावरचे अडीच आरोप

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच संदेश तिसऱ्यांदा आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बीटी कापूस (अळीला मारणारे जीवाणूचे जनुक घातलेला कापूस) हे ‘टर्मिनेटर’ बियाणे असल्याने त्याची सरकी पुन्हा उगवत नाही, अळीला मारणारे विष सरकीच्या तेलातून आपल्या पोटात जाते, आणि या बियाण्याचा अळीवर कधी परिणाम झालाच नाही. यांतील दोन आरोप चुकीचे आहेत आणि तिसरा अर्धा खरा.

टर्मिनेटर तंत्राचे बियाणे जगात कोठेही बाजारात आलेले नाही, आणि आपल्या 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानुसार अशा वाणाची नोंदणीच होऊ शकत नाही. बीटीची सरकी पेरली तर उगवते. मात्र वाण संकरित असल्यामुळे पुढच्या पिढीची झाडे एकसारखी येत नाहीत. हे गुजरातेत 1970 साली आलेल्या संकर-4 वाणापासून चालत आले आहे, म्हणजे बीटीच्या तीस वर्षे आधीपासून.

विषाचे म्हणाल, तर बीटी प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होऊन तेथील विशिष्ट ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या ठरावीक रेणूंना, चिकटते, तेव्हा अळी मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी आहे आणि त्याच्या आतड्यात ते ग्राही नाहीत. शिवाय शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. ज्या जीवाणूचे हे जनुक, त्याचीच फवारणी सेंद्रिय शेतीत चालते, हे सेंद्रिय भाजीचा आग्रह धरणाऱ्या आमच्या ग्रुपला कोणी तरी सांगायला हवे.

तिसऱ्या आरोपाला मात्र एका वाक्यात वाटेला लावता येत नाही. 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या बीटीने अमेरिकन बोंडअळीला आवर घातला. गुलाबी बोंडअळीने मात्र आधी गुजरातेत एका जनुकाच्या वाणांना दाद देणे थांबवले, आणि 2017 पर्यंत महाराष्ट्रात 2006 पासूनच्या दोन जनुकांच्या वाणांतही ती माजली. दिवाळीत जालन्याहून आलेल्या भाच्याने आणलेले बोंड मी टेबलावर फोडले. बाहेरून ते धड होते, कारण अळी कोवळ्या बोंडात शिरली की छिद्र बुजते. आत कापूस पिवळा पडलेला, सरकी पोखरलेली आणि तिच्यात गुलाबी अळी. ही अळी प्रामुख्याने कापसावरच जगते. संकरित झाडाच्या बोंडातील काही सरक्यांत जनुक असते, काहींत नसते, त्यामुळे तिला विषाची सवय होण्यास आयती संधी मिळते. त्यातच, विषाची सवय नसलेल्या अळ्या टिकाव्यात म्हणून पाकिटाबरोबर मिळणारे नॉन-बीटी बियाणे बहुतेक जण पेरत नसत, आणि फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही राखलेले कापसाचे पीक, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहते. अमेरिकेने हीच अळी बीटी कापूस आणि वांझ करून सोडलेले पतंग यांच्या जोडीने हटवली आणि 2018 मध्ये तिच्या निर्मूलनाची घोषणा केली.

फरदड ठेवतोस कशाला, असे भाच्याला विचारले. “मामा, वेचायला थोडा जास्त निघतो, तेवढाच हरभऱ्याच्या खताचा खर्च सुटतो,” तो म्हणाला.