पहिल्याची सर येते का?

सिनेमा बघून आलेल्या माणसाला लोक विचारतात, ‘कसा होता?’ सिक्वेल बघून आलेल्याला असं कोणी विचारत नाही. त्याला विचारतात, ‘पहिल्यासारखा आहे का?’ आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर देण्याचं खातं माझ्याकडे आहे. मला बडी कॉप, म्हणजे पोलिसांच्या जोडगोळीचे, सिनेमे आवडतात, हे मी एकदा चारचौघांत बोलून गेलो आणि तेव्हापासून दोन पोलीस आणि एक पेटलेली गाडी असलेलं कुठलंही पोस्टर दिसलं, की चौकशी माझ्या नावाने निघते.

उत्तर काहीही द्या, मेहुण्याचं समाधान होत नाही. ‘हो, पहिल्यासारखाच आहे’ म्हटलं, तर तो म्हणतो, “म्हणजे तेच ते परत? मग पैसे कशाला घालवायचे, भावोजी?” ‘नाही, पहिल्यासारखा नाही’ म्हटलं, तर “म्हणजे वाट लावली म्हणा की!” आणि ‘वेगळा आहे, पण चांगला आहे’ असं म्हणायची सोय नाही, कारण तोवर त्याने फोनवर खुर्च्या निवडायचं पान उघडलेलं असतं आणि वर सेकंद उलटे मोजले जात असतात. त्याला हो किंवा नाही हवं असतं. साक्षीदाराला दरडावणाऱ्या वकिलाच्या आवाजात तो विचारतो, “सर येते की नाही येत?”

आता हा प्रश्न इतर सिक्वेलांच्या बाबतीत सुटण्यासारखा असतो. भुताच्या सिनेमात दुसऱ्यांदा भीती वाटली की झालं. बडी कॉपची गोष्ट जरा अडचणीची आहे. त्याचा पहिला भाग कशावर चालतो? गोळीबारावर नाही. दोघांचं पटत नाही, यावर चालतो. एक घड्याळ लावून जगणारा, दुसरा घड्याळ गहाण टाकलेला. साहेब दोघांना एका गाडीत बसवतात आणि पुढचा दीड तास विळ्या-भोपळ्याचं सख्य आपण मिटक्या मारत बघतो. शेवटी एकाने दुसऱ्यासाठी गोळी झेलली, की गळ्यात गळे. संपला सिनेमा. ही मैत्री जमते एकदाच. दुसऱ्या भागाला मिळतात ते आधीच मित्र झालेले दोन पोलीस, म्हणजे भांडवल आधीच खर्च झालेलं. पहिला भाग म्हणजे लग्न जमणं, दुसरा म्हणजे संसार. आणि त्या संसारात दर दहा मिनिटांनी एक ट्रक उलटा करून दाखवायचा असतो.

यावर निर्मात्यांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे दोघांना पुन्हा भांडायला लावणं. ‘४८ अवर्स’ १९८२ मध्ये आला. निक नोल्टी खडूस पोलीस, एडी मर्फी दोन दिवसांसाठी तुरुंगातून बाहेर काढलेला कैदी. मर्फीचा हा पहिलाच सिनेमा, आणि दोघं एकमेकांना असे घालूनपाडून बोलतात, की गुन्हेगार पकडला नाही तरी चालेल असं वाटतं. आठ वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच दिग्दर्शकाने, म्हणजे वॉल्टर हिलने, दुसरा भाग काढला. नाव काय? ‘अनदर ४८ अवर्स’. आणखी अठ्ठेचाळीस तास! पहिले पाढे पंचावन्न ही म्हण पोस्टरवर छापायची असेल, तर याहून नेमकी छापता येणार नाही. पहिल्या भागाच्या शेवटी दिलजमाई झालेले दोघं इथे परत एकमेकांवर खार खाऊन. मधल्या आठ वर्षांत खरा बदल एकच झाला होता. पहिल्या वेळी नोल्टीचं नाव आधी होतं, आता मर्फीचं. यावरून त्या दोघांचं पडद्याबाहेर थोडं वाजलं असतं, तर ते जास्त रंगलं असतं.

दुसरा उपाय म्हणजे सगळं वाढवून वाढणं. ‘बॅड बॉईज’ १९९५ मध्ये मायकल बेने सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरमध्ये केला. २००३ च्या दुसऱ्या भागाचा खर्च १३ कोटी डॉलरच्या घरात. लांबी ११९ मिनिटांवरून १४७ मिनिटांवर. पैसे दिसतात, नाही असं नाही. महामार्गावर गुंड ट्रेलरवरून एकेक गाडी मागे सोडतायत आणि आपले दोघं त्या उडत्या गाड्यांतून वाट काढतायत, हा पाठलाग मी कितीही वेळा बघायला तयार आहे. पण मग शवागारातून आणलेली प्रेतं रस्त्यावर पडायला लागतात, आणि सिनेमा संपला असं वाटून चपला शोधाव्यात, तर सगळे क्युबाला निघालेले. भांडणाचं कारण मात्र घरगुती आणि झकास आहे. विल स्मिथ मार्टिन लॉरेन्सच्या बहिणीबरोबर चोरून फिरतोय. एवढ्यावर सबंध सिनेमा निघाला असता. इथे दोन स्फोटांच्या मध्ये त्याला श्वास घ्यायला जेमतेम जागा दिली आहे.

आमच्या काकांना या कशाशीच कर्तव्य नाही. “पहिला तो पहिलाच,” हा त्यांचा निकाल, आणि तो सुनावणीच्या आधीच लागलेला असतो. दुसरा भाग बघितलात का, असं विचारलं तर ते म्हणतात, “बघायचा कशाला? दुसरा आहे ना?” त्यांचा आवडता पुरावा १९६७ चा आहे. ‘इन द हीट ऑफ द नाइट’. सिडनी पॉइटिए हा फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णीय गुप्तहेर, रॉड स्टायगर हा मिसिसिपीतल्या गावचा गोरा पोलीसप्रमुख, आणि दोघांना एकच खून सोडवायचाय. सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं, स्टायगरला सर्वोत्तम अभिनेत्याचं. त्याचा पुढचा भाग तीन वर्षांनी आला, ‘दे कॉल मी मिस्टर टिब्स!’, आणि त्यात स्टायगर नाहीच. पॉइटिए एकटा, तोही आता सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांत! बदली कधी झाली, कोणी केली, काही पत्ता नाही. जोडीतला अर्धा माणूस घरी ठेवून जोडीचा सिनेमा काढला होता. हा पुरावा मांडून काका असे मागे टेकतात, की त्यापुढे बोलायची माझी छाती होत नाही.

पण मनातल्या मनात मी त्यांना उत्तर देतो, आणि ते उत्तर शौचालयात आहे.

‘लीथल वेपन’चा पहिला भाग १९८७ चा. त्यात मेल गिब्सनचा रिग्ज जिवावर उदार झालेला, आणि डॅनी ग्लोव्हरचा मर्टॉ पन्नाशीत पाऊल ठेवलेला कुटुंबवत्सल माणूस. ग्लोव्हर तेव्हा खरा चाळिशीतला. पण ‘असल्या भानगडींना मी आता म्हातारा झालोय’ हे तो इतक्या मनापासून म्हणतो, की त्याला निवृत्तिवेतन चालू करून द्यावंसं वाटतं. १९८९ च्या दुसऱ्या भागात रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकाने दोघांना उगाच भांडायला लावलं नाही. रिग्ज आता मर्टॉच्या घरात घरच्यासारखा वावरतो, त्यांच्या मशीनमध्ये आपले कपडे धुतो. आणि मग एके दिवशी मर्टॉ कमोडवर बसतो आणि त्याच्या लक्षात येतं, की खाली बॉम्ब आहे. उठलं की उडणार. रात्रभर बसून पाय मेलेले, त्यामुळे झटकन उठताही येत नाही. बॉम्बवाली मंडळी येतात, जमेल ते करतात, आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगतात. रिग्ज जात नाही. मर्टॉ त्याला जा म्हणतो, तो काहीतरी पाचकळ बोलतो आणि तिथेच थांबतो. मग दोघं हात धरून शेजारच्या लोखंडी टबात उडी घेतात आणि कमोड घराबाहेर उडून येतो.

हा प्रसंग पहिल्या भागात घालता आला नसता. पहिल्या भागातला रिग्ज थांबला असता, तर आपण म्हटलं असतं, याला तसंही मरायचंच आहे. दुसऱ्या भागात तो थांबतो, कारण आत बसलेला त्याचा दोस्त आहे. आधीच्या सिनेमात जमवलेली मैत्री इथे वापरायला काढली आहे. सर येते का, म्हणून विचाराल तर त्या चार भिंतींत दुसरा पहिल्याच्या पुढे जातो. हे मी काकांना एकदा सांगायला गेलो होतो. “कमोडवर?” असं विचारून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

गंमत म्हणजे लेखक शेन ब्लॅकने या दुसऱ्या भागाच्या मसुद्यात रिग्जला चक्क मारलं होतं. ते मान्य झालं नाही, ब्लॅक बाहेर पडला, रिग्ज वाचला. त्यामुळे १९९२ आणि १९९८ मध्ये आणखी दोन भाग निघाले. तिसऱ्यात मर्टॉची निवृत्ती अगदी दारात येऊन उभी राहते आणि तो तिला परत पाठवतो. चौथ्यातही हा कामावर हजर. माणसंही वाढत गेली. दुसऱ्यात बडबड्या लिओ (हा नट जो पेशी) आला, तो गेलाच नाही. चौथ्यात ख्रिस रॉक आला. दोघांच्या गाडीची बस झाली.

आमच्या हिच्या मते मी हा सगळा फुकटचा अभ्यास करतो. तिचा निकष साधा आहे. ‘रश अवर’ घ्या, १९९८ चा. हाँगकाँगचा जॅकी चॅन लॉस एंजेलिसला येऊन ख्रिस टकरच्या गळ्यात पडतो. २००१ मध्ये फासा उलटा टाकला, टकर सुट्टीला हाँगकाँगला आणि चॅनचं काम काही संपत नाही. दुसऱ्याने पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला, जगभरात सुमारे ३४.७ कोटी डॉलर, पहिल्याने २४.४ कोटी. पण ही म्हणते, ते सोड, शेवटची नावं लागल्यावर चुकलेले शॉट दाखवतात ते बघ. वाक्य विसरून दोघं किती हसतात यावरून तिचा निकाल लागतो. तिच्यासाठी आधीचा दीड तास म्हणजे त्या पाच मिनिटांची प्रस्तावना. हा निकष मला हास्यास्पद वाटतो, आणि अजून तरी तो चुकलेला नाही.

प्रामाणिकपणाचं बक्षीस द्यायचं तर ते मी २०१४ च्या ‘२२ जंप स्ट्रीट’ला देईन. पहिला भाग ‘२१’, २०१२ चा. शाळेत वेष बदलून गेलेले दोन पोलीस. दुसऱ्यात ते कॉलेजात जातात, आणि साहेब तोंडावर सांगतात, की मागच्या वेळी जे केलंत तेच करा, पैसे दुप्पट घ्या. कार्यालयही रस्त्याच्या पलीकडच्या चर्चमध्ये हललंय. मग दोघांचं बिनसतं, तेसुद्धा असं, की समुपदेशकाला ते जोडपंच वाटतात. आणि शेवटी नावं पडत असताना पुढचे भाग कसे असतील याची खोटी पोस्टरं एकामागून एक, मेडिकल कॉलेज, परदेशी विद्यार्थी, स्वयंपाकाचं शिक्षण. सिक्वेलची एवढी टर उडवल्यावर तिसरा काढायला तोंडच राहिलं नाही. मेहुण्याला मी हा डोळे मिटून सुचवला. तो म्हणाला, “यांनाच जर माहीत आहे की तेच ते आहे, तर मी कशाला जाऊ?”

अखेर परवा हे सगळे वाद आमच्या भाच्याने निकालात काढले. त्याने ‘लीथल वेपन’चा दुसरा भाग कुठेतरी आधी पाहिला होता आणि त्यावर तो बेहद्द खूश होता. म्हणून मी मोठ्या उत्साहाने त्याला पहिला लावून दिला. काकाही मुद्दाम येऊन बसले, पहिल्याचा विजय स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. अर्धा तास तो गप्प बसून होता. मग त्याने सिनेमा थांबवला.

“मामा, हे दोघं मित्र आहेत ना?”

“होणार आहेत.”

“होणार कशाला? आहेतच! हा त्याच्या घरी कपडे धुतो. मग इथे एकमेकांवर खेकसतायत कशाला?” आणि काकांकडे वळून, “आजोबा, ह्याचा पहिला भाग चांगला होता. ह्यात उगाच भांडणं घुसवलीयत.”