जमीन घालवायची खात्रीची पद्धत

वाडवडिलांची जमीन आहे, सिद्ध काय करायचं? सगळ्या शिवाराला ठाऊक आहे की. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास तुमच्या बांधात घालतो, हेही शिवाराला ठाऊक आहे. फक्त शिवार साक्षीला येत नाही. तेव्हा कर्नाटकातल्या खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडच्या माझ्या शेतकरी बांधवांनो, जमीन घालवायचीच असेल तर ती नीट, पद्धतशीर घालवा.

सुरुवात गप्प बसण्यापासून करावी. भातलावणीत हद्दीचा दगड कलला तर पावसाला दोष द्या. पुढच्या साली तो चार हात अलीकडे आला तर गुरांना. आणि कधी तो शेजाऱ्याच्या विहिरीची पायरी होऊन बसलेला दिसला, तर ओळख दाखवू नका. शेजारी बहुधा भाऊबंदच असतो, त्यामुळे ‘घरातलं भांडण कोर्टात कशाला’ म्हणायला गावात चार शहाणे तयारच असतात. त्यांचं ऐका. शेजाऱ्याने उघडपणे, तुमचा हक्क झुगारून 12 वर्षं सलग कब्जा ठेवला की तुमची ताबा मागायची मुदत संपते. मधे फारच राग आला तर वकिलाची नोटीस पाठवा आणि निवांत झोपा. नोटिशीने मुदत थांबत नाही, दाव्याने थांबते. म्हणून दावा तेवढा टाळा. जबरदस्तीने हुसकावलं असेल तर सहा महिन्यांच्या आत मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. सातव्या महिन्यात वकिलाकडे जावं, हे उत्तम.

कागदांचं म्हणाल तर जमिनीचा एक उतारा पुरे. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून आणा, लॅमिनेट करा, देवघरात ठेवा. कन्नडमध्ये आहे आणि वाचता येत नाही? फारच छान. मग नवव्या रकान्यात अजून आजोबाच मालक आहेत आणि बाराव्यात पीक भलत्याच्याच नावावर चढलंय, हे कळून मनस्ताप होत नाही. उताऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण नोंदीने मालकी येत नाही, हे न्यायालयांनी सांगून सांगून त्यांचे घसे बसले. तुम्ही मनावर घेऊ नका. खरेदीपत्र, वाटणीपत्र ट्रंकेतल्या वाळवीला राहू द्या. 1956 पूर्वी आपण मुंबई राज्यात होतो, त्या काळचे कागद मराठीत, त्याआधीचे काही मोडी लिपीत. मोडी वाचणारा शोधत हिंडू नका, चुकून काही सापडायचं.

एवढं करूनही दावा लावलाच, तर फक्त मनाई, म्हणजे शेजाऱ्याला अडवणारा हुकूम मागा. मालकीवरच वाद असेल तर मालकी ठरवून मागावी लागते, ताबा गेला असेल तर ताबाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये उलगडून सांगितलंय. पण मोठा दावा म्हणजे कोर्टाचा जास्त स्टॅम्प, आणि तेवढ्या पैशात घरचं एक लग्न थाटात होतं. मोजणी तर बिलकूल नको. चतुःसीमेत ‘पूर्वेस ओढा’ एवढंच लिहा. ओढा कधीच नांगरून झालाय, तो न्यायाधीश शोधतील. कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज वेळेत दिला तर तो जागेवर येऊन नकाशा काढेल, आणि मग वादच उरणार नाही. म्हणून हा अर्ज साक्षी-पुरावे संपल्यावर द्यावा.

तारखांचा कंटाळा आला तर आपल्याकडेच पाहा. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 मध्ये लावला; आपण सगळे गावासकट त्या दाव्यातली वादग्रस्त मिळकत. आपल्यासारख्यांनी दोन गुंठ्यांसाठी घाई करणं बरं दिसत नाही.

आणि चुकून निकाल तुमच्या बाजूने लागलाच, तर पेढे वाटा, हुकूमनामा फ्रेम करा आणि दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायचं नाव काढू नका. शेजारी अपिलात जाईल, तिथे हरला तर उच्च न्यायालयाच्या धारवाडच्या खंडपीठात. स्थगिती मिळाली का, हे विचारायची गरज नाही. अपील केलं की हुकूम आपोआप थांबतो, असं त्यानेच टपरीवर सांगितलंय, आणि वकिलाच्या ऑफिसापेक्षा टपरी जवळ पडते.