दर पाच वर्षांनी ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्यानं अपघात निम्मे होणार नाहीत

‘लायसन्स एकदा मिळालं की आयुष्यभर कुणी विचारत नाही. परदेशात दर पाच वर्षांनी टेस्ट द्यावी लागते. इथंही सक्ती करा, अपघात निम्म्यावर येतील.’ हा मेसेज गटागटांतून फिरतोय. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण त्यातला एकही दावा टिकत नाही.

‘आयुष्यभर कुणी विचारत नाही.’ विचारतात. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंतच चालतं, पंचावन्ननंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागतं. चाळिशी ओलांडली की डॉक्टरचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा टेस्ट द्यावीच लागते. मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीआधी ही सूट 5 वर्षांची होती.

‘परदेशात टेस्ट असते.’ ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर 3 वर्षांनी नूतनीकरण होतं, तेही प्रकृतीची माहिती स्वतः भरून, टेस्ट नाही. जर्मनीत 15 वर्षांनी कार्ड बदलतात, बस. जपानमध्ये पंचाहत्तरीपुढच्यांची आकलनचाचणी होते आणि मे 2022पासून त्यांच्यातल्या ठरावीक नियमभंग करणाऱ्यांना गाडी चालवून दाखवावी लागते. म्हणजे चाचणी आहे, पण धोका दिसतो तिथं.

आता ‘अपघात निम्मे’. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. दहापैकी सात मृत्यू भरधाव वेगाच्या खात्यावर आहेत, आणि हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे 50,029 जण दगावले. वेग कमी कसा करायचा किंवा हेल्मेट कसं घालायचं, हे यांतल्या किती जणांना येत नव्हतं? आरटीओच्या ट्रॅकवर 8चा आकडा काढताना कुणीच सुसाट जात नाही. इन्स्पेक्टर समोर असेपर्यंत सगळेच शहाण्यासारखे चालवतात. टेस्टमध्ये हात कळतो, सवय कळत नाही. रात्री अकरा वाजता मोकळ्या रस्त्यावर तोच माणूस काय करतो, ते कॅमेऱ्यालाच दिसेल.

शिवाय कोट्यवधी टेस्ट घ्यायच्या कुणी? ट्रक-बसची फिटनेस तपासणारे मोटार वाहन निरीक्षकच ना? त्यांचा वेळ तिकडून काढून घेणं मला धोक्याचं वाटतं.

सक्ती करायचीच, तर डोळ्यांच्या तपासणीची करा. पेशंटला न बघता सही करणाऱ्या डॉक्टरवर कारवाई करा. आणि कायद्याच्या कलम 19मध्ये लायसन्स निलंबित झालेल्यांसाठी उजळणी प्रशिक्षण आहेच. ते पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही लायसन्स परत मिळता कामा नये.