गाडी थेट भुट्ट्यापर्यंत

नागपूरला समुद्र नाही, ही चूक भूगोलाची. आपण ती केव्हाच दुरुस्त केली आणि फुटाळा तलावाच्या काठाला चौपाटी म्हणायला लागलो. लाटा नाहीत, वाळू नाही, पण पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी तिथे गाड्यांना जी भरती येते, ती पाहून जुहूवाल्यानंही कान पकडावेत. या गर्दीचं काय करावं, असं सगळेच विचारतात. मी दर पावसाळ्यात न चुकता तिथे अडकतो, तेव्हा चार शब्द सांगायचा अधिकार मला नक्कीच आहे.

आधी निघायची वेळ. सगळं शहर निघतं तेव्हाच निघा. दुपारी चारला गेलात तर रस्ता मोकळा मिळेल, आणि मोकळ्या रस्त्यावर तुमची नवी गाडी बघायला असेल कोण? घरात चौघं असाल तर वाहनंही चार काढा. आईबाबा कारमध्ये, मुलगा बाइकवर, मुलगी मोपेडवर. चौथं वाहन शेजाऱ्यांकडून मिळेल. धरमपेठेतून फुटाळा पायी अर्ध्या तासाचा रस्ता आहे, हे मला ठाऊक आहे. पण पायी चालायचं ते सकाळी, तेही ट्रॅक सूट घालून, आणि चालायच्या जागेपर्यंत गाडीनं जाऊन.

आता मुख्य प्रश्न, गाडी लावायची कुठे. ज्या भुट्टेवाल्याकडून भुट्टा घ्यायचा, त्याच्या सिगडीची धग खिडकीतून गालाला लागली पाहिजे, इतक्या जवळ. काच चार बोटं खाली करा आणि आतूनच ओरडा, "भाऊ, दोन कवळे द्या, मसाला जास्त!" मग तो पोट्टा निखाऱ्यावर पंखा मारणं सोडतो, लिंबाची अर्धी फोड तिखट-मिठात बुडवून दाण्यांवरून फिरवतो, भुट्टा त्याच्याच हिरव्या सालीत धरतो आणि तुमचा आरसा नि शेजारच्या गाडीचा आरसा यांच्यामधल्या वीतभर फटीतून अंग चोरत येतो. वाटेत एक आरसा दुमडतो. कोणाचा, ते बघायचं नाही. पैसे द्यायला मोबाइल काढा, स्कॅन करायचा फलक सिगडीपाशीच राहिला म्हणून त्याला परत पाठवा. तोवर मागे पंचवीस गाड्या जमतात. त्यांनाही कळू द्या, भुट्टा निवांत खायची गोष्ट आहे.

हे सगळं करताना पार्किंग लाइट चालू ठेवायला विसरू नका. हे चार दिवे लुकलुकू लागले की तेवढा रस्ता तुमच्या नावावर होतो, सातबारा लागत नाही. कोणी हॉर्न मारलाच तर मान बाहेर काढून म्हणा, "दोन मिनिटं थांबून राहिलो ना भाऊ, काय बिघडून राहिलं तुमचं?" फुटाळ्यावरचं मिनिट तीनशे सेकंदांचं असतं, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. तोही तेच करायला आलेला असतो.

कायद्याची भीती बाळगू नका. वाहन चालवण्याचे 2017 चे केंद्रीय नियम सांगतात की फुटपाथवर, वळणावर, पुलावर गाडी उभी करू नये. भुट्ट्याच्या सिगडीसमोर करू नये, असं त्यात कुठेही नाही. मी शोधलं. चालान आलंच तर पहिल्यांदा 500 रुपये, पुन्हा सापडलात तर 1500. म्हणून दर रविवारी सिगडीसमोर वेगळी गाडी लावावी. चार वाहनं काढायला सांगितली ती उगाच नाही.

कॅलिफोर्नियात डोनाल्ड शूप नावाचे एक प्राध्यापक होते. फुकटचं पार्किंग खरं तर फुकट नसतं आणि रस्त्यावरच्या गर्दीतल्या कितीतरी गाड्या नुसत्या फुकट जागा शोधत घिरट्या घालत असतात, हे सांगण्यात त्यांनी उभा जन्म घालवला. बिचारे फुटाळ्यावर आले असते तर वेळ वाचला असता. आपण घिरट्या घालतच नाही. जागा दिसली नाही की आहोत तिथेच थांबतो.

तरीही जागा अपुरी पडते, हे मान्य. मी नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की इथली सगळ्यात मोठी जागा तलावानंच अडवून ठेवली आहे. साठ एकर! येण्या-जाण्याच्या वाटेसकट एका कारला पंचवीस चौरस मीटर धरा. साडेनऊ हजारांवर गाड्या आरामात मावतात. भोसल्यांनी दोनशे वर्षांपूर्वी हा तलाव बांधला तो शेतीला पाणी मिळावं म्हणून, आणि आता धरमपेठेत शेती करतंय कोण? शिवाय 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की हा मानवनिर्मित जलाशय आहे, कायद्याच्या व्याख्येतली पाणथळ जागा नव्हे. माणसानं केलेलं माणसानं बुजवलं तर बिघडलं कुठे? निकाल एवढाच वाचायचा. मानवनिर्मित असला तरी तो जनतेची ठेव म्हणून सांभाळायचा, असल्या गोष्टी त्यात पुढे येतात. आपण तोवर सांभारवडीकडे वळलेले असतो.

पाण्याकडे तोंड करून बांधलेली प्रेक्षक गॅलरी मात्र पाडू नका. फक्त खुर्च्या रस्त्याकडे फिरवा. तलावातल्या कारंज्याच्या खेळाला वीज लागते, परवानगी लागते. रस्त्यावरचा खेळ दर रविवारी आपोआप सुरू होतो, दिवे आणि आवाज दोन्ही गाड्यांचेच.

तलाव बुजेपर्यंत आहे त्यात भागवा. दीड तासानं, हाताला लिंबाचा वास आणि क्लच दाबून आखडलेली पोटरी घेऊन घरी पोचाल. आजी दारातच विचारेल, "काऊन रे, यंदा भरला काय तलाव?" खरं ते सांगा: दिसला नाही, समोर पांढरी गाडी उभी होती.