धर्माची गाय आणि सिम्सचा पाऊस

आमच्या सांगलीच्या पोरांच्या ग्रुपवर परवा एक मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला. मजकूर साधारण असा: "द सिम्स ४ फुकट आहे. पॅक घ्यायची कुणी सक्ती केलेली नाही. पॅक विकणं पहिल्यापासून चालत आलंय. तासाच्या हिशोबानं पिक्चरपेक्षा स्वस्त पडतं. आणि रडणारे निम्मे क्रॅकवालेच, म्हणजे चोरीची कॉपी खेळणारेच आहेत. धर्माची गाय अन् दात का गं नाय?" खाली टाळ्यांची रांग.

म्हण झकास आहे. गाय तेवढी चुकीची निवडली.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी: यात जिंकायचं-हरायचं काही नसतं. माणसं घडवायची, घर बांधायचं, त्यांना नोकरीला लावायचं, लग्न करून द्यायचं, पोरंबाळं सांभाळायची. थोडक्यात, पडद्यावरची भातुकली. वरून जनावरं, कॉलेज, ऋतू असं काही हवं असेल तर त्याचे पॅक वेगळे विकत घ्यायचे.

आता "फुकट"चं बघू. खेळ आला सप्टेंबर २०१४ मध्ये आणि फुकट झाला १८ ऑक्टोबर २०२२ ला. मधली आठ वर्षं लोकांनी पैसे मोजून घेतला. त्या जुन्या गिऱ्हाइकांना जाता जाता डेझर्ट लक्स नावाचं एक छोटं किट मिळालं, तेही मुदतीत मागून घेतलं तर. बरं, फुकट केल्यावर तरी ते दान झालं का? गाय दारात आणून बांधली, पण दावं, गव्हाण आणि पेंड आमच्याच दुकानातून न्या, असा तो व्यवहार आहे. व्यवहाराला माझी हरकत नाही. पण दुकानदाराला दाते म्हणायचं आणि गिऱ्हाइकाला भिकारी, हे कुठलं गणित?

"सक्ती नाही" हे मात्र खरं आहे, आणि इथे आमच्या बाजूच्यांचेही कान धरायला हवेत. "हा लाखाचा खेळ आहे" असा उलटा मेसेजही फिरत असतो. मार्च २०२५ पर्यंत मोठे एक्स्पान्शन पॅक १८ झाले. अमेरिकेतली छापील किंमत प्रत्येकी ३९.९९ डॉलर, म्हणजे नुसत्या त्यांचेच ७२० डॉलरच्या घरात. त्याखाली १९.९९ चे गेम पॅक, ९.९९ चे स्टफ पॅक, आणि २०२१ पासून ४.९९ ची किट. बेरीज केली की डोळे पांढरे होतात. पण सगळं घेतो कोण? आणि सेल लागला की जुन्या पॅकच्या किमती बऱ्याच उतरतात. लग्नाच्या हॉलचं पूर्ण मेनूकार्ड बेरजेला घेऊन "जेवण महाग" म्हणण्यासारखं आहे ते.

तरी "नको तर घेऊ नका" इतकं ते सोपं नाही. मार्च २०१८ मध्ये माय फर्स्ट पेट स्टफ आला. त्यातले कुत्र्यामांजरांचे कपडे आणि सामान वापरायचं तर आधी कॅट्स अँड डॉग्ज हा मोठा पॅक हवा. तो नसेल तर हाती मुख्यतः पिंजऱ्यातला हॅमस्टर. पॅकवर पॅक! त्या वेळी खेळाडू भडकले होते ते दहा डॉलरसाठी नव्हे.

माझी मामेबहीण विश्रामबागला राहते, आठवीत आहे. तिनं फुकटच्या खेळात एक वाडा उभा केला. कौलाच्या रंगाचं उतरतं छप्पर, मध्ये चौक, चौकात तुळशीवृंदावन. वृंदावन नावाची वस्तू तिला सापडली नाही, म्हणून बुटक्या खांबावर कुंडी चढवून तिनं काम भागवलं. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग म्हणाली, "दादा, सगळं झालं, पण पाऊसच पडत नाही." पाऊस सीझन्स पॅकमध्ये असतो, तो जून २०१८ चा. आता सांगलीचा वाडा आणि पाऊस नाही! ज्या गावात जुलै उजाडला की लोक एकमेकांना नमस्काराऐवजी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पाणीपातळी विचारतात, तिथल्या पोरीला हे पटायचं कसं?

पण माझ्याच उदाहरणाला मी जास्त ताणत नाही, कारण तिसरा मुद्दा इथेच येतो. पाऊस या मालिकेत आधीपासून विकतच आहे. सिम्स २ मध्ये तो २००७ च्या पॅकमधून आला, सिम्स ३ मध्ये २०१२ च्या. त्याबद्दल ओरडायला आम्ही उशीर केला. पण "पहिल्यापासून" या शब्दात मेसेजवाल्यानं बरंच काही दडपलंय. पोहण्याचा तलाव २००० सालच्या पहिल्या सिम्समध्येही मूळ खेळात होता. रांगती-धावती लहान मुलं सिम्स २ पासून मूळ खेळात होती. चौथा खेळ पैसे घेऊन विकायला आला तेव्हा त्यात हे दोन्ही नव्हतं. तलाव नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, लहान मुलं थेट जानेवारी २०१७ मध्ये. दोन्ही फुकट अपडेटमधून आली, हे कबूल. पुढे मार्च २०२३ मध्ये पाळण्याबाहेरची तान्ही बाळंही फुकट दिली. हे श्रेय द्यायलाच हवं. मात्र ज्यांनी पूर्ण किंमत मोजली, त्यांच्या घरात पाळण्यातलं बाळ सव्वादोन वर्षं एकदम शाळकरी होत होतं. याला परंपरा म्हणत नाहीत.

पिक्चरच्या तिकिटाचा हिशोब मला सगळ्यात जास्त खटकतो. तिकीट काढलं की पिक्चर तयार असतो, आपण फक्त बसायचं. इथे तास भरतात ते खेळणाऱ्याच्या डोक्यातून. वाड्याच्या त्या दोन संध्याकाळी बहिणीनं घातल्या, तिच्या कुंडीचं बिल पॅकच्या नावावर कसं लावता? आणि तिकिटाशीच तुलना करायची तर पिक्चर निदान चालायला तरी हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये माय वेडिंग स्टोरीज आला. आख्खा पॅक लग्नावर, आणि लग्नातच घोळ: वऱ्हाडी जागेवर बसेनात, विधी मध्येच अडकायचे. दुरुस्त्या नंतर आल्या. अक्षता टाकायच्या वेळी मांडव मोकळा, आणि मेसेजवाला सांगतोय की ताशी दर बघा किती कमी पडला. माझी तक्रार किमतीबद्दल कधी नव्हतीच. विकली ती वस्तू विकल्या दिवशी चालावी, एवढंच मागणं आहे.

क्रॅकवाल्यांबद्दल काय बोलायचं? असतील. पण ज्यानं पैसेच दिले नाहीत तो लग्नातल्या घोळाची तक्रार कंपनीकडे कशाला नोंदवत बसेल?

बहिणीनं दिवाळीतल्या ओवाळणीच्या पैशातून सेलमध्ये सीझन्स घेतला. घ्यावा की नाही यावर मी काही बोललो नाही, पैसे तिचे होते. इन्स्टॉल झाल्यावर अर्धा तास नुसतं ऊन. मग ढग आले आणि चौकात धो धो पाऊस सुरू झाला. छत्र्यांचा स्टँड कुठे ठेवायचा यावर ती विचार करत होती, तेवढ्यात मामीनं स्वयंपाकघरातून डोकावून पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "आयर्विनला किती फूट झालं?"