शेकडा दोनचा हापूस

बारावीची परीक्षा संपली की सोलापुरात पोरासमोर वाट पाहण्याच्या दोनच गोष्टी उरायच्या. एक निकाल आणि दुसरं पाणी. पाणी तीन दिवसांनी तरी यायचं.

साल २००६. मे महिना, पारा ४२-४३ च्या घरात आणि वरून भारनियमन. पंखा बंद पडला की अख्खी चाळ बाहेर येऊन एकमेकांना विचारायची, "तुमच्याकडं पण गेली का?" गेलेली असायचीच. जुलै-ऑगस्टात मी पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार होतो (निकाल लागायचा होता, पण माझ्या डोक्यात मी केव्हाच जाऊन पोहोचलो होतो) आणि पुण्यात पाऊल टाकताना खिशात मोबाइल असावा अशी माझी माफक इच्छा होती. नोकिया ११००. त्याला टॉर्च होता, आणि भारनियमनात टॉर्च किती उपयोगी, हा माझा बाबांसमोरचा मुख्य युक्तिवाद.

"टॉर्च पाहिजे तर बॅटरी घे. चाळीस रुपयाला येते," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

मग मी धंदा करायचं ठरवलं. आंब्यांचा. हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला आणि तो इतका सुंदर जमला की पान फाडून मी ते पाकिटात ठेवलं. आठ पेट्या, पेटीत पाच डझन, पेटीचा भाव ५००. म्हणजे चाळीस डझन, शंभर रुपये डझन. विकायचा दीडशेनं. नफा दोन हजार. हिशेबाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. बारावीच्या गणितात पैकीच्या पैकी मिळतील अशी माझी खात्री होती, हे इथं मुद्दाम नोंदवतो.

भांडवल आजीकडं होतं. तिच्या लोखंडी पेटीत, नऊवारीच्या घड्यांमध्ये. मी चार हजार मागितले. तिनं कशाला, कुणाकडून, कधी परत, असे तीन प्रश्न विचारले आणि चौथ्या वाक्याला म्हणाली, "शेकडा दोन."

"वर्षाला?"

"महिन्याला."

"आजी, मी नातू आहे तुझा."

"म्हणून तर देतेय. परक्याला दिले असते का?"

तिच्याकडं एक लाल वही होती, दूधवाल्यापासून सगळ्यांची. तीत माझं पान उघडलं गेलं. वर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ती मला रोज बाळ्या म्हणायची, पण वहीत बाळ्या नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाजार समितीत गेलो. एका कोपऱ्यात दोन मिशीवाले गृहस्थ रुमालाखाली एकमेकांचे हात धरून गंभीर चेहऱ्यानं उभे होते. मला वाटलं, त्यांच्यात कुणीतरी गेलंय. नंतर कळलं, भाव चाललाय. बोटं दाबून किंमत सांगायची, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. माझा सौदा मात्र अगदी उघड्यावर झाला. व्यापाऱ्यानं पाहिलं, मी पाहिलं, आणि मी किती येडा आहे ते भोवतीच्या चारपाच जणांनीही पाहिलं. पेटीच्या फळीवर शाईनं 'देवगड' उमटवलेलं होतं. त्यानं एक पेटी उघडून दाखवली. वरचा थर असा, की बघूनच बोली थांबावी. बाकीच्या सात उघडायच्या का, असं त्यानं विचारलं, पण अशा सुरात की उघड म्हणणाऱ्यालाच लाज वाटावी. मी उदारपणे 'नको नको' म्हणालो.

उघडलेली पेटी आणि न उघडलेली पेटी यांचं आपसात काही नातं नसतं. घरी येऊन मोजले तेव्हा चाळीसचे अडतीस डझन भरले आणि खालच्या थरांतल्या आंब्यांना आंबा म्हणावं की लिंबू, यावर आई आणि धाकटी बहीण यांच्यात मतभेद झाले. हमाली ४०, तीनचाकी १२०. हे दोन्ही आकडे माझ्या त्या दोन रेघांच्या वर कुठंच नव्हते.

मग अढी. कच्चा हापूस भाताच्या पेंढ्यात घालून पिकवतात, हे मला माहीत होतं. सोलापुरात भाताचा पेंढा मिळत नाही, हे माहीत असून सुचलं नव्हतं. आमच्याकडं ज्वारी. म्हणजे कडबा. पन्नास रुपयांचा कडबा आणून मी मधल्या खोलीत आंब्यांना अंथरूण-पांघरूण केलं. बाबा ऑफिसातून आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "म्हैस कधी येणार?"

कोकणात आंबा आठ-दहा दिवस सावकाश पिकतो म्हणतात. आमची मधली खोली पत्र्याची. त्यात दुपारभर लाइट नाही. चौथ्या दिवशी, गुरुवारी, साडेचारशे आंबे एकाच वेळी पिकले. टप्प्याटप्प्यानं, आज पाच डझन, परवा सहा डझन, असं वेळापत्रक मी आखलं होतं. ते आंब्यांनी वाचलेलं नव्हतं. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि ही मात्र मोफत जाहिरात ठरली. पहिल्या दिवशी बारा डझन रोखीनं गेले. दीडशेच्या भावानं. १८०० रुपये! मी रात्री टॉर्चची स्वप्नं पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून 'बघू' सुरू झालं. "ठेवून जा, एक तारखेला देते." एक तारखेला म्हणजे कोणत्या महिन्याच्या, हे विचारायचं असतं हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळलो त्या काका-काकूंना लिहून द्या कसं म्हणणार? सात डझन असे गेले. मी ते मनात लिहून ठेवले. आजी म्हणाली, "मनाला वही नसते." मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी साका निघाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साका म्हणजे बाहेरून आंबा नवरदेवासारखा आणि आत कोयीजवळचा गर पांढरट, फोपसा, आंबूस. दाबून कळत नाही, वासानं कळत नाही. उन्हात तापलेल्या जमिनीची धग झाडावरच्या फळाला लागून होतो, असं बागायतदार सांगतात. कळतो तो कापल्यावर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी, आणि तेही जावयाच्या ताटात. दोन डझन बदलून द्यावे लागले. बदलून दिलेल्यांतही एक निघाला. ते काका तो अर्धा कापलेला आंबा बशीत घेऊन जिन्यावरून खाली आले. रागावले नाहीत, नुसतेच बशी धरून उभे राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आणि मग अक्कलकोटच्या काकू.

या वरच्या मजल्यावरच्या. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कानडी, बाहेर मराठी, भाव करताना दोन्ही. त्या डझनभर आंबे निवडत होत्या. निवडत म्हणजे प्रत्येकाची उलटतपासणी चालली होती. भोवती आणखी चार बायका. पेटीच्या तळाशी एक चुरगळलेला कागद होता, तो काकूंनी आंबे गुंडाळायला काढला, सहज सरळ केला आणि चष्मा वर ढकलून वाचायला लागल्या.

"तम्मा, हा आंबा कुठला म्हणालास?"

"देवगडचा, काकू. फळीवर लिहिलंय."

"देवगडात कानडी पेपर कधीपासून वाचायलेत रे?"

मी कागद घेतला. गोल गोल अक्षरं. सोलापुरात राहून ती लिपी ओळखू येत नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"हुबळीच्या साडीच्या दुकानाची जाहिरात आहे बघ," काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "मैसूर सिल्कवर सूट."

भोवतीच्या बायकांपैकी दोघींनी सूट कधीपर्यंत आहे ते विचारलं. आंब्याचं पुन्हा कुणी काही विचारलं नाही. धारवाड-हुबळीकडचा हापूस वाईट असतो असं नाही. साल जरा जाड, वास जरा कमी, आणि भाव बराच कमी. मी तो देवगडच्या भावानं घेतला होता आणि देवगडच्या भावानंच विकत होतो, म्हणजे फसलो होतो आणि फसवतही होतो. माझ्यासारख्याला त्यातलं पहिलंच आधी दिसलं. त्या संध्याकाळी भाव नव्वदवर आला. सहा डझन गेले. त्यातला एक काकूंचा. "सुट्टे नाहीत आत्ता," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

उरलेल्यांतले पाच डझन नासले. नासका आंबा एकटा जात नाही, शेजाऱ्याच्या गळ्यात हात टाकून जातो. बाकी सहा डझन आम्ही खाल्ले. खाल्ले म्हणजे सकाळी आमरस, रात्री आमरस, मध्ये कुणी आलं तर त्यांना आमरस. सहाव्या दिवशी बाबांनी ताटावर बसल्या बसल्या आईला विचारलं, "पिठलं वगैरे काही नाही का?" शेवटच्या रसाची आईनं गच्चीवर साठं घातली. त्या उन्हात ती बघता बघता वाळली. या संपूर्ण व्यवहारात सोलापूरच्या हवेनं आमच्या बाजूनं केलेलं हे एकमेव काम.

उधारी मागायला मी दारोदार फिरलो. सातशे आले, साडेतीनशे बुडाले. एका घरी चहा मिळाला, एका घरी "अरे, ते आंबे विकत होते का? आम्हाला वाटलं वानोळा." सगळं मिळून हातात २९५० पडले. ते आजीपुढं ठेवले. तिनं वही उघडली. चार हजार, अधिक ऐंशी व्याज, वजा हे. बाकी ११३०. हमाली, तीनचाकी आणि कडबा बाबांनी भरला होता, तो त्यांनी 'शिक्षण' या सदरात टाकला.

अकराशे तीस रुपयांसाठी मी चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात चाळीस रुपये रोजानं उभा राहिलो. जून म्हणजे दाखल्यांचा हंगाम. डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. माझ्याच वर्गातली पोरं यायची आणि माझ्याकडं बघून "अबे, तू?" म्हणायची. लाइट गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद तेवढ्या वेळेचे पैसे मालक कापायचा. म्हणजे भारनियमनात मी घामही गाळत होतो आणि मजुरीही. एकदा दोनच्या ऐवजी वीस दाबलं गेलं. अठरा कागदांचे अठरा रुपये माझ्या रोजातून गेले आणि कागद मला मिळाले. एका अनोळखी मुलीच्या डोमिसाइलच्या पाठीवर मी पुढं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित सोडवलं. तिचं सोलापुरातलं वास्तव्य पंधरा वर्षांहून जास्त होतं, हे मला अजून आठवतं. इंटिग्रेशन आठवत नाही.

तेहतीस दिवसांनी पैसे जमले. आजीनं मध्ये गेलेल्या महिन्याचं व्याज लावलं. बावीस रुपये साठ पैसे. साठ पैसे तिनं सोडले. नातवाला तेवढीच सूट.

आता वाचणाऱ्याला वाटत असेल की निघायच्या दिवशी आजीनं ते सगळे पैसे हळूच माझ्या हातात ठेवले असतील. तसं काही झालं नाही. हुतात्मा एक्सप्रेस पहाटेची, आजी अंधारात उठली, दही घातलं हातावर, पन्नासची नोट दिली आणि ती वहीत लिहिणार नसल्याचं स्पष्ट केलं.

पुण्यात मी मोबाइलशिवायच पोहोचलो. घरी फोन करायचा तर हॉस्टेलच्या कोपऱ्यावरचा लाल कॉइन बॉक्स आणि मुठीत रुपयाची नाणी. आईनं डब्यात साठं दिली होती. खोलीतला जोडीदार राजापूरचा. त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला आणि विचारलं, "छान आहे रे. आंबा कुठला?"

"हुबळीचा," मी म्हणालो.

"तरीच," तो म्हणाला, आणि अख्खा डबा संपवला.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. लाल वही माझ्याकडं आहे. माझ्या पानावर तिनं आडवी रेघ मारून 'फिटले' असं लिहिलंय. फक्त त्याच पानाच्या खाली माझ्या अक्षरात उधारीची यादी आहे, कारण मनाला वही नसते हे नंतर पटल्यावर ती मी तिथंच उतरवून काढली होती. साडेतीनशे अधिक नव्वद.

नव्वद आले. २०१५ साली, माझ्या लग्नात. अक्कलकोटच्या काकू गुडघे दुखत असताना स्टेजच्या पायऱ्या चढून आल्या, बायकोच्या हनुवटीला हात लावला आणि माझ्या हातात पाकीट दिलं. रात्री आहेराची पाकिटं फोडताना ते निघालं. आत तीनशे एक्केचाळीस रुपये. वर काकूंच्या वळणदार मराठीत : 'आहेर २५१. आंबे ९०.'

व्याज धरलेलं नव्हतं.