गोळीनंतरचा अर्धा तास

“गोळी नेमकी कधी घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

“जळजळ सुरू झाली की,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टर पेन खाली ठेवतात तेव्हा समजावं, की आता औषध तेच राहणार आहे, सुधारायचंय ते आपल्याला.

दीड महिना मी पँटोप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळीला अग्निशामक दलासारखं वापरत होतो. रात्री साडेनऊला दाबून जेवायचं, दहाला आडवं व्हायचं, साडेदहाला छातीत भट्टी पेटली की उठून गोळी गिळायची आणि भिंतीला टेकून वाट बघत बसायचं. भट्टी काही विझायची नाही. मग मी गोळीला नावं ठेवायचो. कंपनी बदलून पाहिली. गोळीचा रंग तेवढा बदलला.

डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. पोटात आधीच तयार झालेल्या आम्लाला ही गोळी हातही लावत नाही. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते ती बंद पाडते. त्यासाठी ती जठरात विरघळत नाही, आवरण अंगावर तसंच ठेवून पुढे आतड्यात जाते, तिथून रक्तात, आणि रक्तातून फिरून पुन्हा जठराच्या पेशींपाशी. म्हणजे समोरच्या दाराने आत शिरायचं, मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि गल्लीला वळसा घालून खिडकीतून पुन्हा आत डोकवायचं. एवढी यातायात करूनही पकडते कोणाला? जे पंप त्या क्षणी चालू असतील, बव्हंशी त्यांनाच. झोपलेल्या पंपाच्या ती वाटेला जात नाही. लाच घेताना रंगेहाथ सापडला तरच गुन्हा, तसला प्रकार. आणि पंप जागे होतात कशाने? खाण्याने. थोडक्यात, नाश्ता म्हणजे सापळ्यातल्या खुणेच्या नोटा. पथक आधी दबा धरून बसलेलं हवं, नोटा मागून यायला हव्यात. माझं पथक रोज व्यवहार उरकल्यावर पोचत होतं.

“म्हणून सकाळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. आणि तीन-चार दिवस तरी धीर धरा, सगळे पंप पहिल्याच दिवशी सापडत नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

मला त्यातलं ‘रिकाम्या पोटी’ एवढंच ऐकू आलं. आणि पोट रिकामं ठेवायचंच तर मन लावून ठेवावं, असं मी ठरवलं. सातला गोळी, आणि थेट एकला जेवण. खाणं कमी तर आम्लही कमी, हे गणित मला फारच आवडलं होतं. आठवड्याने तक्रार घेऊन पुन्हा गेलो. या वेळी डॉक्टरांनी पेन हातात घेतलंच नव्हतं. हे औषध रक्तात टिकतं जेमतेम तास-दोन तास, त्यांनी सांगितलं. पंपाला एकदा चिकटलं की तो पंप कायमचा गेला, शरीराला नवा घडवावा लागतो, म्हणून परिणाम दिवसभर पुरतो. पण चिकटायची संधी त्या तास-दोन तासांतच. माझं पथक सकाळभर उन्हात उभं राहून निघून जात होतं आणि आरोपी एक वाजता आरामात उगवत होते.

आता आमच्या स्वयंपाकघरात सकाळचं दृश्य असं असतं. बायकोची थायरॉइडची गोळीही रिकाम्या पोटीच, त्यानंतर तासभर कॉफीसुद्धा नाही. ती या धंद्यात अकरा वर्षं मुरलेली. मी नवशिक्या. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून घड्याळाकडे बघतो. अर्धा तास एरवी कुठे जातो कळत नाही, पण या अर्ध्या तासात मी दोनदा वर्तमानपत्र वाचतो, निविदा सूचनांसकट. त्यात मुलगी आमच्या नाकासमोर ब्रेड भाजते. नुसत्या वासानेही पोटात आम्ल सुटायला लागतं म्हणे. पावलॉव्हने कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं आणि पचनक्रियेवरच्या कामासाठी त्याला 1904 साली नोबेल मिळालं. कुत्र्यांना काय मिळालं, हे मी आता फार आपुलकीने विचारतो.

कपाटातल्या अँटासिडच्या बाटलीचा न्याय आणखी वेगळा. ते आहे त्या आम्लाला जागच्या जागी मारतं, म्हणून लगेच गार वाटतं. पण उपाशीपोटी घेतलं तर पोट ते थोड्याच वेळात पुढे ढकलून मोकळं होतं. जेवणानंतर तासाभराने घेतलं तर अन्नाबरोबर बराच वेळ मुक्काम करतं. एकाला जेवणाआधी यायचं, दुसऱ्याला जेवणानंतर, आणि थायरॉइडच्या गोळीजवळ तर चार तास फिरकायचं नाही. एवढी मानापमानाची यादी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांभाळावी लागत नाही.

तेलकट, चॉकलेट, कॉफी, पुदिन्याच्या गोळ्या, हे सगळं अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करतं, असं कळलं. पैकी पुदिन्याचं मला मनापासून वाईट वाटलं. जळजळ थांबावी म्हणून मी रोज रात्री त्याच चघळत होतो.

रात्रीचं जेवण आता साडेसातला, कारण जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. उशाला तीन उशा रचून पाहिल्या. त्याने माणूस कमरेत मुडपतो आणि पोट उलट जास्तच दाबलं जातं. मग पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभर ठोकळे सरकवले. जळजळ कमी झाली, पण पहाटेपर्यंत मी घसरत पायथ्याशी पोचलेला असतो. शिवाय डाव्या कुशीवर झोपायचं, त्या बाजूने जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. माझी डावी कूस म्हणजे भिंत. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, “कशावरून रुसलायस ते तरी सांग.”

पण खरी गंमत काल झाली. मुलीने आठवणीने लवकर उठून नाश्ता केला. टेबलावर ताटलीतून वाफा येत होत्या.

“बाबा, गोळी घेतलीत ना?”

मला आठवेना. मी पाकीट आणलं, सहा रिकामे कप्पे मोजले, मग हा आठवडा सोमवारी सुरू केला की मंगळवारी यावर आमचं तिघांचं एकमत होईना. नोटा टेबलावर मांडलेल्या, आणि पथक निघालंय की अजून चौकीतच आहे, कोणालाच सांगता येत नव्हतं.